शेवंतीला लागणारा अंधार

शेवंतीला ऊन कमी पडतंय, असं मी त्या वर्षी घरभर ठणकावून सांगत होते. मी नुकतीच सातवीची फायनल पास झाले होते, त्यामुळे मला सगळंच कळत होतं.

ती शेवंती माझ्या थोरल्या भावाची. घोरावाडी स्टेशनाच्या बागेतून ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याने तिची मुळी कुसगावात आणली होती. आमच्याकडच्या पावसात ती उघड्यावर कुजायची. म्हणून ज्येष्ठात तिचे फुटवे डालड्याच्या डब्यांत लावायचे आणि डबे पडवीत खिडकीशी मांडायचे. रोपं उजेडाकडे मान वाकडी करायची, म्हणून दर दोन दिवसांनी डबे फिरवायचे. भाद्रपदात पाऊस ओसरला तरी एकदम बाहेर काढायची नाहीत, पानं करपतात. चार दिवस वळचणीला, मग नुसतं सकाळचं ऊन, आणि मग ओट्यापुढच्या वाफ्यात. घरामागे डोंगर, तिथे ऊन नावालाही नाही. हे सगळं भावाने शिकवलेलं. त्या वर्षी मात्र ते मी एकटीने केलं.

कारण चैत्रात वडिलांनी चारचौघांत त्याच्यावर हात उचलला होता. "काम बघाया चाललो," एवढंच म्हणून तो गेला. त्याचं पत्र नाही, निरोप नाही. गावात नुकतीच वीज आली होती. आईने पहिला दिवा घरात नाही, ओट्यावर लावून घेतला, बरोबर वाफ्याच्या वर. रात्रभर जळायचा.

"ठेसनावरनं अंधारात यील. वळन चुकंल," ती म्हणाली.

ज्या वळणावर तो जन्मभर गोट्या खेळला ते कसं चुकेल, असं मी फटकन बोलले. मला अजून त्या वाक्याची लाज वाटते.

दसरा गेला. शेवंती कमरेएवढी झाली, पानं गर्द हिरवी, पण कळीचा पत्ता नाही. मी शेजारच्या आंब्याची फांदी तोडायला लावली, शेणखत घातलं. दिवाळी आली तरी तेच. त्या माजलेल्या हिरव्या वाफ्याकडे बघवत नसे. शेजारची मावशी भाऊबीजेला ओट्यावर येऊन बसली.

"घरचं मानूस बाहेर अडलं की फूल धरत न्हाई, बग. औंदा चंद्रालाच ओवाळ."

भाऊ नसेल तिने चंद्राला ओवाळायचं. मी ताट घेऊन तरातरा घरात गेले आणि झाकून ठेवलं.

आठ दिवसांनी पोलिसाचा निरोप आला. घाटाखाली एक तरुण माणूस सापडला होता, ओळख पटवायला या. वडील गेले. आई उंबऱ्यात बसून राहिली, चूल पेटवली नाही. दुपारी वडील आले, पाय धुतले, तांब्या जागेवर ठेवला.

"आपला न्हाई," ते म्हणाले.

आई उठली आणि स्टुलावर चढून पदराने दिव्यावरची धूळ पुसली. त्यानंतर वाटेवर कोणी अनोळखी दिसला की मी हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायचे.

मार्गशीर्षात गुरुवारच्या पूजेची फुलं मागायला मी लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर गेले. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याची शेवंती फुलांनी वाकली होती. मी चिडूनच आमची कहाणी सांगितली. त्याने खत विचारलं, पाणी विचारलं, मग म्हणाला, "ताई, वर रातचा दिवा जळतो काय?"

"जळतो."

"मंग कशी धरंल? दिसा ऊन पायजे, तसा राती काळोख पायजे तिला. आज दिवा मालवला तर दोन म्हैन्यांनी फूल बगाल."

मी धावतच घरी आले. मावशीचं बोलणं खोटं ठरलं होतं, अपशकुन वगैरे काही नव्हता. आईला म्हटलं, दोनच महिने दिवा बंद ठेवू.

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "फुलं बाजारात मिळत्यात," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मी पुण्याला मास्तरकीच्या शिक्षणाला गेले. दिवाळीला आले तेव्हा दिवा जळत होता, वाफा तसाच मुका, हिरवा. भाऊबीजेला मी पुन्हा ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला परतले. त्यानंतर वडिलांची कार्डं येत राहिली. प्रत्येकात तेच. इकडे सर्व खुशाल, अभ्यासावर लक्ष दे.

संक्रांतीला आले. स्टेशनावरून चालत वळणापर्यंत पोचले आणि ओट्यापुढे पिवळंधमक काही दिसलं. शेवंती फुलली होती. क्षणभर मी हरखले, खरंच हरखले. मग पाय जागीच थांबले. दोन महिने, माळी म्हणाला होता. मी बोटांवर मागे मोजत गेले आणि मोजणं दिवाळीपाशी येऊन थांबलं.

ओट्यावरचा होल्डर रिकामा होता. आई दारात आली. तिने माझी पिशवी घेतली.

"कधी?" मी विचारलं.

"भाऊबीजेच्या तिसऱ्या दिशी परत पोलिसाचा निरोप आलता. तुजी परीक्षा व्हती म्हून कळवलं न्हाई."

वडील आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. संध्याकाळ झाली, अंधार पडला. ओट्यावर दिवा लावायला कोणी उठलं नाही.