मिस्ड कॉलचं पेटंट

वकीलसाहेबांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "वाच, मामाला मराठीत सांग. मग खाली नोटरीकडे जाऊन दोघांनी सह्या करून या."

पेणला कोर्टाजवळ त्यांचं ऑफिस होतं. मी आणि मामा सकाळच्या एसटीने रोह्याहून आलो होतो. मामाने शिफ्ट बदलून घेतली होती, मी प्रॅक्टिकल बुडवलं होतं. मी तेव्हा एस. वाय.ला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्या हातात यायचा. मला सगळं समजायचं असं नाही, पण तसं सांगायची लाज वाटायची.

हा कागद मात्र समजला. दोन प्रतिज्ञापत्रं होती, एक मामाचं आणि एक माझं. माझ्या कागदातल्या तिसऱ्या परिच्छेदाचा अर्थ असा होता, की मामाने बनवलेलं यंत्र त्याच्या घरच्या गणपतीत केवळ आरास म्हणून ठेवलं होतं आणि ते कसं चालतं याची कोणतीही लेखी माहिती तिथे लावलेली नव्हती.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. लेखी माहिती लावलेली होती. ती मीच लिहिली होती.

मामा रोह्याजवळच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. आमचं गाव हायवेवरच्या खांब गावापासून आत, तिथून शाळेच्या वेळेला एसटी नाही, म्हणून आठवीपासून मी त्याच्याकडेच राहून शिकते. पेणजवळ हमरापूरला त्याच्या ओळखीच्या एका माणसाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. शेडमध्ये मूर्ती सुकत ठेवलेल्या असायच्या आणि मालक दोन गल्ल्या सोडून घरी. एकदा कोणीतरी पत्रा उचकटून रंग मारायचा कॉम्प्रेसर नेला. त्यानंतर मामाने एक जुना मोबाईल, दोन-चार स्विच आणि बरीचशी वायर घेऊन एक पेटी बनवली. शेडमध्ये कोणी शिरलं की पेटी मालकाला मिस्ड कॉल द्यायची. एक आला तर पुढचं शटर, लागोपाठ दोन आले तर मागची खिडकी, तीन आले तर पत्रा. फोन उचलायचा नाही, नुसता मोजायचा. "बॅलन्सच लागत नाय," मामा भेटेल त्याला सांगायचा.

कंपनीतल्या एका साहेबांच्या मदतीने त्याने पेटंटचा अर्ज लिहायला घेतला. तो जवळजवळ पुरा झाला तेव्हा गणपती आठवड्यावर आले होते. मामा म्हणाला, "नवीन वस्तू हाय. आधी बाप्पापुढं ठेवू, विसर्जन झालं की पाठवू." आमच्याकडे नवी गाडी, नवी पुस्तकं, पहिला पगार, सगळं आधी देवापुढे जातं. कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पेटंटचा नियम याच्या बरोबर उलटा आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अर्ज देण्याआधी ती गोष्ट चार लोकांना समजावून सांगितली की कायद्याच्या दृष्टीने ती नवी राहत नाही.

आणि आम्ही तर पाच दिवस समजावून सांगत होतो. मी दहावीला होते. हिरव्या चार्ट पेपरवर मी आकृती काढली, बाण काढले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'हे कसे चालते?' येणारा प्रत्येक जण आरती झाली की पुठ्ठ्याचं छोटं शटर उघडून बघायचा आणि मामाच्या खिशातला फोन वाजायचा. सगळे हसायचे. लोक फोटो काढत होते.

त्यातलाच एक फोटो चार वर्षांनी आमच्यासमोर आला. अलार्म विकणाऱ्या एका कंपनीने मामाच्या अर्जावर हरकत घेतली आणि पुरावा म्हणून तो फोटो जोडला. हरकत टिकली असती तर पेटी कोणालाही बनवून विकता आली असती आणि मामाचं नाव कुठेच उरलं नसतं.

फोटोत गणपतीच्या उजव्या हाताला पेटी स्पष्ट दिसत होती. मागे, हाराच्या आड, हिरव्या कागदाचा एक कोपरा होता.

"अक्षरं वाचता येत नाहीत," वकीलसाहेब म्हणाले. "आरत्या लिहिलेल्या असू शकतात. तुझे मामा म्हणाले, काही लिहिलेलं नव्हतं."

मी मामाकडे पाहिलं. तो वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होता. तो विसरला होता, की विसरायचं ठरवून आला होता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मी त्याच्या घरात राहत होते, त्याच्या ताटात जेवत होते. माझ्या एका सहीने त्याची एवढ्या वर्षांची मेहनत वाचणार होती.

"काय गो, काय लिवलंय?" मामाने विचारलं.

मी परिच्छेद मराठीत सांगितला. मग मी म्हणाले, "मामा, तो चार्ट मी लिहिला होता."

वकीलसाहेबांनी पेनचं टोपण लावलं.

"मुली, मी हा मजकूर यांच्या सांगण्यावरून तयार केला," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला रडू येईल असं वाटलं. "आता मला हे माहीत झालं. आता मी तुम्हाला यावर सही करू देणार नाही. पण खरं लिहिलं तर मिस्ड कॉल मोजण्याची मूळ कल्पना गेली, हे समजून घ्या."

मामा माझ्याकडे वळला. "चार वर्सांपूर्वी तुझं अक्षर जरा खराब असतं तर काय बिघडलं असतं गो?"

मला हसावं की माफी मागावी कळेना.

"जसं हाय तसं लिवा, साहेब," तो म्हणाला. "पोरीला खोटी सही करायला नाय लावायची."

वकीलसाहेबांनी मला चार्टवर काय काय होतं ते आठवून लिहायला सांगितलं. मी आकृतीसकट लिहिलं. त्यांनी तो कागद अर्जाशेजारी ठेवला आणि एकेक ओळ ताडून पाहू लागले. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"हे चार्टवर नाही. पेटी दर तासाला घरच्या फोनला एक कॉल देणार आणि तो आला नाही तर घरातला भोंगा वाजणार. हे कुठून आलं?"

"ते मागून सुचलं," मामा म्हणाला.

"मागून म्हणजे कधी?"

मामा अवघडला. "बायको बोलली. तिसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात. बोलली, चोर काय तुमच्या पेटीच्या पाया पडून येनार व्हय? आधी वायर तोडेल, मग बसा मोजत."

वकीलसाहेब पहिल्यांदाच हसले. "मग?"

"मग काय, राग आला. त्या दिवशी मोदकबी खाल्ला नाय. विसर्जन झाल्यावर बसलो, ते बनवलं नि मगच अर्ज धाडला."

"विसर्जनाच्या आधी हे बाहेर कोणाला सांगितलं होतं?"

"जमलंच नव्हतं तर सांगू काय?"

नवीन प्रतिज्ञापत्रं टाईप व्हायला दुपार झाली. आम्ही नोटरीकडे सह्या केल्या. परतीच्या एसटीत मामाने खिडकीची जागा मला दिली आणि नागोठण्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, आता हा मला गावी पाठवील. तसं काही झालं नाही, पण पुढचे कित्येक महिने तो पेटीजवळ बसलेला मला दिसला नाही.

सुनावणी मुंबईला झाली, वकीलसाहेब गेले. निकाल माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मामा सेकंड शिफ्टला निघत होता. तो बूट घालून पायरीवर बसला आणि म्हणाला, "वाच."

मी वाचत गेले. छायाचित्र आणि अर्जदाराने स्वतः सादर केलेली प्रतिज्ञापत्रं पाहता पहिला दावा, म्हणजे मिस्ड कॉल मोजण्याची कल्पना, नवा ठरत नाही, म्हणून तो नामंजूर. माझ्याच शब्दांचा उल्लेख होता. मला पुढे वाचवेना.

"परत वाच," मामा म्हणाला. मी परत वाचलं. "बरोबर हाय त्यांचं," तो म्हणाला, उठला आणि गाडीला किक मारली.

मी खाली पाहिलं. मजकूर संपलेला नव्हता. "मामा, थांब! अजून पान हाय!"

त्याने गाडी बंद केली नाही. गाडीच्या आवाजातच, ओरडून, मी दुसरा दावा वाचला. तासाचा कॉल चुकला तर भोंगा वाजवणारी रचना तेवढी मंजूर. त्याने हात लांबवून गाडी बंद केली.

"नाव कोणाचं लिवलंय?"

मी त्याचं पूर्ण नाव वाचलं, आजोबांच्या नावासकट.

मामी दारात येऊन उभी होती. "शिफ्टला उशीर होतोय," ती म्हणाली.

"होऊ दे गो जरा," मामा म्हणाला आणि मला पुन्हा वाचायला लावलं.