जायफळाचा वेढा

दुपारी दोनच्या सुमारास, पाच लहान मुलं असलेल्या घराच्या बंद दारापाशी उभं राहिलं तर आतून काय ऐकू यावं? रडणं, भांडण, फरशीवर गरगरत जाणाऱ्या स्टीलच्या वाटीचा आवाज. मला फक्त पंख्याची करकर ऐकू आली आणि तिच्याखाली इतकी दाट शांतता, की बेलवर ठेवलेलं बोट मी मागे घेतलं. शांततेला आपण किती सहज सुखाची खूण मानतो! सात महिन्यांचं मूल असलेल्या घरात तिचा अर्थ वेगळा असतो. मूल रडलं तर आई बसल्या जागेवरून हाक मारते. ते गप्प झालं की उठून बघायला जाते.

माझी बाळंतपणाची रजा, तिला जोडलेली हक्काची रजा आणि तिच्या शेपटाला बांधलेली बिनपगारी रजा, तिन्ही संपत आल्या होत्या. ठाण्यातल्या एका दैनिकात मी उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी लिहून आणलेल्या बातमीला प्रश्न विचारणं हे माझं काम. कुणी सांगितलं? स्वतः पाहिलं का? दुसऱ्या बाजूला विचारलं? त्याच सवयीने मी सईसाठी पाळणाघर शोधायला निघाले. वहीची दोन पानं प्रश्नांनी भरली होती. भीतीला क्रमांक दिले की ती आटोक्यात राहील, असं मला वाटत असावं.

ठाण्याला, घोडबंदर रोडवर, एक डे-केअर पाहिलं. जमिनीवर रबरी चटया, भिंतीवर जिराफ, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. "मॅम, तुम्ही ऑफिसमधून मोबाइलवर लाइव्ह बघू शकता," तिथली मुलगी म्हणाली. मूल पडताना मला दिसेल आणि उचलायला हात पोचणार नाही, या सोयीला काय म्हणावं ते मला सुचेना. मग दिवा स्टेशनजवळून एक बाई घरी येऊन सांभाळायला तयार झाली. तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "ताई, खोटं बोलत नाय मी. आमच्याकडे पाणी आलं तर भरूनच निघणार. कधी येईल ते पाणीच जाणे." तिचा खरेपणा आवडला, पण पाण्याच्या वेळेवर मला कामाची वेळ बांधता येणार नव्हती.

राहिल्या शैलाकाकू. डोंबिवलीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर, त्या बरीच वर्षं पाळणाघर चालवतात. मी तीन वेगवेगळ्या वेळी, न सांगता गेले. खिडकीचे गज, गॅसची जागा, काकूंची नखं, सगळं पाहिलं. तिसऱ्या वेळी दार उघडत त्या म्हणाल्या, "अगं, मुलगी ठेवायचीय की धाड घालायचीय?" मी हसले आणि वहीतला पुढचा प्रश्न विचारला.

कामावर जाण्याआधी एक आठवडा सवयीचा ठरला. रोज अकरा ते तीन. तिसऱ्या दिवशी माझ्याने तीनपर्यंत धीर धरवला नाही. दोन वाजता मी त्या दारापाशी उभी होते.

मी हलकेच टकटक केली. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चार मुलं गादीवर ओळीने झोपलेली. सई साडीच्या झोळीत. "बघ किती शांत झोपलीय. बारापासून एकदाही उठली नाही." मी तिला उचललं. तिची मान माझ्या खांद्यावर पडली. टेकली नाही, पडली. हाक मारली. तळव्याला गुदगुल्या केल्या, कपाळावरून ओला हात फिरवला. श्वास चालू होता, अंग उबदार होतं. डोळे अर्धवट उघडले आणि मला न बघताच मिटले. ओट्यावर सहाण होती, अजून ओलसर, तिच्यावर तपकिरी वर्तुळ.

"काकू, काय दिलंत?"

"जायफळ गं. दोन वेढे, दुधातून. तुझ्यासाठी हमसून हमसून रडत होती."

बाळगुटी उगाळणाऱ्या घरांत हा शब्द मोजमाप म्हणून चालतो. जायफळ सहाणेवर गोल फिरवायचं. एक फेरा पुरा झाला की एक वेढा. हात कुणाचा, जोर किती, जायफळ ओलं की सुकं, याची नोंद कुठेच नसते. पिढ्यान् पिढ्या बायका या मापावर मुलांना झोपवत आल्या. 'गावाला पुराचा वेढा' असं शीर्षक मी कितीदा दिलं असेल! त्या शब्दाच्या आत उभं राहायची वेळ त्या दुपारी आली.

कारण त्या सकाळी मीही दोन वेढे दिले होते. चिपळूणहून आईचा फोन आला होता: "परक्या घरात राहायचंय पोरीला. जायफळाचा एक वेढा जास्त दे, रडायची नाही." रोजच्या एकावर मी आणखी एक दिला. गुटी हे घरातलं काम, ते बाहेर काय सांगायचं, म्हणून मी काकूंना बोलले नाही. आणि रडणाऱ्या मुलाला झोपवणं त्यांचं काम, म्हणून त्यांनी मला विचारलं नाही. माझ्या दोन पानी प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

मुलांजवळ शेजारणीला बसवून काकू तशाच गाऊनवर ओढणी टाकून माझ्याबरोबर निघाल्या. दवाखाना कोपऱ्यावरच. डॉक्टरांनी सईच्या डोळ्यांत टॉर्च मारला, नाडी पाहिली आणि मला विचारलं, "सकाळी घरी काही दिलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मी दिलंय," काकू मागून म्हणाल्या. "दोन वेढे जायफळ."

डॉक्टरांनी त्यांना बरंच सुनावलं. एवढ्याशा मुलाला जायफळ अजिबात द्यायचं नाही, थोडं जास्त झालं तर श्वासावर येतं, कळतंय का आजी? काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. सईला तिथेच ठेवून घेतलं. डॉक्टर मधूनमधून येऊन तपासत होत्या, आणि प्रत्येक वेळी माझं तोंड उघडून मिटत होतं. त्यांच्या हिशेबातून निम्मं जायफळ गायब होतं. एका वाक्याचं काम होतं. दुसऱ्यांच्या बातम्यांतली तशी गाळलेली वाक्यं मी रोज शोधून काढते. साडेचारच्या सुमारास सई मोठ्याने रडली. डॉक्टर म्हणाल्या, घेऊन जा. मी ते वाक्य तसंच घेऊन बाहेर पडले.

"त्या बाईकडे परत नाही," सईचा बाबा, मंदार, म्हणाला. "ठाण्याचं कॅमेरावालं बघू." मी मान हलवली. दोन दिवस मी सईला कडेवरून खाली ठेवलं नाही, आणि माझ्याकडे ती सुरक्षित आहे असंही मला एकदा वाटलं नाही. रविवारी मंदारला खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता कॅमेरा तुझ्यावर लावायचा का?" तो हसला नाही. मीही नाही.

सोमवारी सईला घेऊन मी शैलाकाकूंच्या दारात गेले. स्वतःची चूक कुणी विचारण्याआधी सांगणारी एवढी एकच व्यक्ती मला ठाऊक होती.

"काकू, त्या सकाळी मीही दिलं होतं. दोन वेढे."

"माहितीय."

"कधीपासून?"

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तू पोरीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलंस."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"बोलायला हवं होतं. पोरीसाठी तरी. पण म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही राहिला तर मूल दुसरीकडे जाईल. आईवरचा गेला तर ते कुठे जाणार?"

मी सईला पुढे केलं. काकूंनी तिला लगेच घेतलं नाही.

"आज सकाळी काय दिलंयस?"

"दूध. आणि नाचणीची पेज. बाकी काही नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, गरजेपेक्षा क्षणभर जास्त. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी हात पुढे केले.