काढून टाकलेला यूजर

हे मी घरी कधी सांगितलेलं नाही. सणावाराला आमच्याकडे माझे किस्से होतात, त्यात मूर्ख नेहमी मीच असतो आणि पोरं खिदळतात. हा किस्सा मी गाळतो. यात मी मूर्ख नाही ना — म्हणून.

परळच्या ऑफिसात चिंचपोकळीचा दत्ता माझ्या शेजारी बसायचा. एका नर्सिंग होमच्या सर्व्हरवर माझं सॉफ्टवेअर एक्स-रे साठवायचं. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना स्वतःसाठी एक सिस्टिम यूजर बनवतं, फायली त्याच्या मालकीच्या होतात. सॉफ्टवेअर काढलं तरी यूजर काढायचा नाही — हे नव्या लोकांना शिकवायचा कोण? मीच. आणि काढताना यूजरही पुसणारी ओळ लिहिली कुणी? नीटनेटकेपणाची फार हौस मला.

पुढे त्या सर्व्हरवरून माझं सॉफ्टवेअर काढलं. यूजर गेला, एक्स-रे मागे राहिले. मग दत्ताचं बसवलं. ते आपल्या यूजरच्या जुन्या फायली साफ करायचं. आता, कॉम्प्युटर मालकाचं नाव नाही, नंबर लक्षात ठेवतो. माझ्या यूजरचा मोकळा झालेला नंबर त्याने दत्ताच्या यूजरला दिला. भाडेकरूचं नाव काढलं, सामान खोलीतच, आणि नवा येऊन सगळ्याचा मालक झाला — तसं. एक्स-रे पुसले गेले. बॅकअप महिनाभर जुना. पेशंटांना पुन्हा बोलवावं लागलं.

साहेबांसमोर दत्ता तडकला, "माझो प्रोग्राम दुसऱ्याच्या फायलींक हातसुद्धा लावीत नाय! मेल्या, तू सांग ना ह्यांका."

मला तेव्हाच कळलं होतं. मी काय म्हणालो? — "लॉग बघावे लागतील."

जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या स्क्रिप्टमधली ती ओळ काढली. बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'.

दत्ताची नोकरी गेली. त्या संध्याकाळी तो प्रिंटआउट घेऊन माझ्या फणसवाडीच्या घरी आला. माझं चुकलं कुठं ते शोधून दे, म्हणाला, तुला यातलं जास्त कळतं. बायकोने पोहे केले. मी चष्मा लावून दोन तास त्याच्याबरोबर शोधलं — ओळ न् ओळ, पेन्सिलीने खुणा करत. त्याच्याच कोडमध्ये.

आता तो भोईवाड्यात मोबाईल दुरुस्त करतो. परवा भेटला. म्हणाला, "माझ्याकडूनच कायतरी चुकला असतला रे."

"असेल," मी म्हणालो.