मिठावरचं काळं रक्त

भोरच्या एसटी स्टँडवर परवा दोन मुली एका मोबाईलवर सिनेमा बघत बसल्या होत्या. इअरफोनची एक वायर हिच्या कानात, दुसरी तिच्या. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी कापत असावं, कारण दोघींनी एकाच क्षणी डोळे मिटले आणि एकाच क्षणी उघडले. माझी गाडी लागली होती, तरी मी उभीच राहिले. त्या दोघींवरून नजर हटेना. त्याला मत्सर म्हणतात. त्याहून सौम्य नाव मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

कॉलेजात मला एकच मैत्रीण होती, हिर्डोशीची. मी कामथडीची. तिच्या गावाकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर तिला स्टँडवर ताटकळावं लागे आणि तिच्यासाठी मी माझी गाडी सोडून देई. पुण्याला फुटपाथवर मला एका जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, जुने इंग्रजी भाग मिळाले होते. ते आम्ही बाकावर मांडीला मांडी लावून वाचायचो. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची. मी हट्टाने डाव्या बाजूला बसे, म्हणजे पान उलटताना पुढे काय होणार ते मला तिच्याआधी निदान श्वासभर तरी कळे. ती इंग्रजी शब्दांना अडखळायची, चित्रांना कधीच नाही.

गोष्ट मिठागरात राबणाऱ्या दोन बहिणींची होती. थोरलीला सरदाराची माणसं मारतात, पण चित्रकाराने ते मारणं दाखवलंच नव्हतं. उगारलेली तलवार, मग उडालेले बगळे, मग एक अख्खं कोरं पान; आणि ते उलटलं की पांढऱ्याशुभ्र मिठावर पसरत गेलेला शाईचा काळा डाग. मांगातलं रक्त असं काळं असतं, आणि ते वाचणाऱ्याच्या सवडीने वाहतं. त्या कोऱ्या पानावर आम्ही बराच वेळ थांबलो. "हितं काय झालं ते आपुनच बगायचं," ती म्हणाली. मग तिने काय पाहिलं ते मला सांगितलं, मी काय पाहिलं ते तिला. इतकं आतलं मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते.

पुढे त्या कथेचा सिनेमा आला. तो एकत्रच बघायचा हे न बोलता ठरलेलं होतं. एका रविवारी ती आमच्या घरी आली, आणि भावाचा लॅपटॉप उघडून आम्ही बसलो. ऊन पडलेलं मिठागर आलं. थोरली वाकून मीठ ओढत होती. सगळं शांत होतं. मारेकरी अजून पडद्यावर यायचे होते. तेवढ्यात मैत्रिणीचा तळवा माझ्या डोळ्यांवर आला.

"आता बगू नको."

त्या अंधारात मला नुसतं ऐकू आलं. घाव, किंकाळी, पुन्हा घाव. सिनेमाने कोरं पान ठेवलंच नव्हतं. आवाजावरून सगळं दाखवत होते, आणि ते संपता संपेना. पण मी किंकाळीने दचकले नाही. हे इथेच येणार, हे हिला कसं कळलं?

"तू आदीच बगितलायस," मी म्हणाले.

तिने हात काढून घेतला. "व्हय. बुधवारी. तिच्या घरी."

ती म्हणजे आमच्या वर्गातली, भोरच्या बाजारपेठेत राहणारी मुलगी. खाली तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान, वर घर, घरात मोठा टीव्ही.

"माजी गाडी रद्द झाली, तर ती म्हनली चल. तिच्या अम्मीनं जेवाय वाढलं. सिनेमा तिनंच लावला." मग म्हणाली, "आमी दोगी लई भ्यालो. तुला सोसायचं न्हाई, म्हनून हात ठिवला."

तिने माझी काळजी घेतली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण 'आमी दोगी' हे शब्द तोवर माझ्या मालकीचे होते. मी भांडले नाही. उरलेला सिनेमा पाहिला, तिला गाडीवर सोडून आले. नंतर त्या दोघींचं मेतकूट जमत गेलं आणि मी आपोआप तिसरी झाले.

हिर्डोशीची मैत्रीण आता वेल्ह्याला शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात तिच्या नव्या घरी आम्ही तिघी जमलो होतो. बोलता बोलता तिने सहज विचारलं, "ते मिठागर आठवतं का गं?" प्रश्न मला नव्हता. जिला होता, तिने अंगावर काटा आल्यासारखे खांदे आक्रसले, आणि मग दोघी हसल्या. मीही हसले.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो प्रसंग मोबाईलवर लावला. पहिल्यांदाच पाहिला. इनमीन मिनिटभराचा. रक्त फार लाल होतं, मान कापली जाताना खोटी दिसत होती. मला भीती वाटली नाही. मागे नेऊन पुन्हा पाहिला, तरी वाटली नाही. ज्या भीतीने त्या दोघी एकमेकींना बिलगल्या असतील ती सिनेमात नव्हतीच. शिलाईच्या दुकानावरच्या त्या खोलीत ती होती, आणि तिथेच वापरून संपली होती. माणसांना सुखं वाटून न मिळाल्याचं दुःख असतं. मला ती एक भीती मिळाली नाही, याचं अजून वाईट वाटतं.