उंबरा नसलेलं घर

एका मंगळवारी दुपारी आई परळला मावशीच्या खोलीत शिरताना उंबऱ्याला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. सतराव्या दिवशी ती गेली.

त्याआधी दोन वर्षं आम्ही मायलेकी लालबागच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहायला आलो होतो. चाळीतल्या खोलीला चार बोटं उंच लाकडी उंबरा होता. आईने त्यावर कधी पाय ठेवला नाही, कुणाला ठेवू दिला नाही. नव्या घराला उंबराच नव्हता. तरी दारात आली की तिचा उजवा पाय उचलला जायचा आणि ती एका पायावर डुगडुगायची. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई म्हणायच्या, "आजी, घोड्यावर बसताय का?" आईही हसायची. लाज मला वाटायची.

तोल जातो म्हणून मी तिला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिने साधे व्यायाम दिले. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, आधी दहा आकडे, मग वीस. फरशीच्या रेषेवरून टाचेला बोटं लावत चालायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. कुकरच्या शिट्या होईपर्यंत आई ओट्याशी उभी राहून मोठ्याने आकडे मोजायची. महिन्याभरात तिचे पाय थरथरायचे थांबले. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. चूक दिसली की लाल शाईने खोडायची, एवढंच मला येतं. त्या व्यायामांत मी माझा एक धडा घातला. दारातून दहा वेळा ये-जा करायची, पाय न उचलता.

"आई, इथे उंबरा नाही. खाली बघ, आहे का?"

"नाय तां माका दिसता गो. पायाक कोण सांगतला?"

"मी सांगते. पुन्हा."

तिने पुन्हा केलं. पुढचे दोन महिने रोज केलं. एके सकाळी ती न थबकता, पाय न उचलता दारातून बाहेर गेली आणि मागे वळून म्हणाली, "झालंय मा पास?" मी टाळ्या वाजवल्या.

मावशीच्या दारात मी तिच्या मागेच होते, हातात केळ्यांची पिशवी घेऊन. उंबरा मला दिसत होता. आईने पाय उचलला नाही. मी शिकवलं होतं तशी ती सरळ चालत गेली.

"आख्खो जल्म चाळीत गेलो हिचो," मावशी रडत मला विचारत राहिली, "हिका उंबरो कसो दिसलो नाय?"

इस्पितळात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "माजा लक्ष नव्हता." लोक मान हलवायचे. वय झालं की असं व्हायचंच, म्हणायचे. माझ्याकडे वळून, तू किती करतेस आईचं, असंही म्हणायचे.

आता घरात मी एकटी आहे. कुकर लावला की ओट्याला धरून एका पायावर वीस आकडे उभी राहते. मावशीला मी अजून सांगितलेलं नाही.