तिथीला तिथी

देवदिवाळीपर्यंत आलेलं भात गेल्या वर्षीपेक्षा कमी भरलं, तर कर्जतजवळची आमची भातगिरणी या हंगामानंतर बंद करायची, असं वडिलांचं आणि माझं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी बोललो आणि ते गप्प राहिले. तांदळाची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. डॉक्टरांनी गिरणीत पाऊल टाकायला मनाई केली होती. मी नोकरी सांभाळून, रजा टाकून गिरणी चालवत होतो.

दिवाळीआधी मी त्यांना आकडे वाचून दाखवले. गेल्या वर्षी त्या तारखेपर्यंत जेवढी पोती भरडली होती, त्याच्या निम्मीही यंदा झाली नव्हती.

“तारखेला तारीख काय लावतोस?” ते म्हणाले. “यंदा अधिक महिना आला. दिवाळी उरकल्याशिवाय आपल्याकडे भात कोण आणतं? तिथीला तिथी लाव.”

त्यांचं बरोबर होतं. मी पुन्हा मांडणी केली. फरक बराच भरून आला. पुढचे दिवस ते गिरणीबाहेरच्या ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. टेंपो वळला की त्यांची मान वळायची. बरेच टेंपो विटांचे असायचे.

देवदिवाळीला दुपारी बेरीज केली. तिथीला तिथी लावूनही पोती कमीच होती. फार नाही, पण कमी.

“बाबा, थोडक्यात गेलं,” मी म्हटलं.

“त्याच्या आदल्या वर्षीचं वाच.”

वाचलं. मग त्याच्याही आदलं. ते मागे मागे नेत गेले आणि आकडा वाढत गेला. मी थांबलो तेव्हा ते म्हणाले, “दर वर्षी मी फक्त गेलं वर्ष बघत आलो. एकदा पाऊस लांबला, एकदा करपा पडला, एकदा अधिक महिना. दर वेळी कारण होतं, म्हणून काळजी केली नाही. या समोरच्या कोंडाण्याच्या रस्त्याला शेतं किती उरलीत, ते या डोळ्यांनी दिसत होतं की रे.”

गेल्या वर्षीशी तुलना करायची हे मीच त्यांच्याकडून शिकलो होतो.

तेवढ्यात डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी डोक्यावर अर्धी गोणी घेऊन आली. दर साली ती पायीच यायची.

“शेट, मशीन चालू हाय, का तुमच्यासारकी तीपन खुर्चीत बसली?”

वडील हसले आणि खोकले. मग म्हणाले, “बाई, पुढल्या साली भात कशेळ्याच्या गिरणीत न्या.”

“आन् जीपवाला गोनी फुकट नेनार? तुमचा जावई हाय काय तो?” गोणी उतरवता उतरवता ती थांबली. “का रं शेट, बंद करतायसा?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. हे मी सांगावं असं त्यांना वाटत असावं. मी गोणीला हात द्यायला पुढे झालो. शेवटी तेच म्हणाले, “हो.”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गोणी माझ्याकडे सरकवली. “मंग नीट भरड रं. तुजा बाप कनी पाडत नव्हता.”

मी जमेल तेवढं नीट भरडलं. थोडी कणी पडलीच. ती तिनं वेगळी बांधून घेतली, कोंबड्यांना होईल म्हणाली.

हंगाम पुरा करून यंत्र विकायला काढलं. घेणारा माणूस आला तेव्हा वडिलांनी किमतीची चौकशी केली नाही. वरच्या वाडीपर्यंत जीप जाईल असा रस्ता होणार आहे का, एवढंच ते त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तो पनवेलचा होता. त्याला वाडी कुठली तेही माहीत नव्हतं.