डफड्याविना दवंडी

आता नगरपालिकेला गावाला काही सांगायचं असलं की टांग्यावर भोंगा बांधतात. आवाज तीन गल्ल्या जातो, पण शब्द कळत नाहीत. टांगा पुढे निघून जातो आणि मागे लोक एकमेकांना विचारत बसतात, काय म्हणत होता? असा टांगा दिसला की मला उकंडाची आठवण येते.

१९५६ च्या दसऱ्याच्या तोंडावर मी डिप्लोमा घेऊन त्या तालुक्याच्या गावी ओव्हरसियर म्हणून रुजू झालो. उमरखेडच्या बसमधून उतरलो तेव्हा पत्र्याची पेटी आणि नेमणुकीचं पत्र, एवढंच सामान होतं. गावात नवी पाण्याची टाकी झाली होती, अकरा सार्वजनिक नळ होते, आणि काही बड्या घरांत स्वतःचे नळ. नगरपालिकेला लोक कमेटी म्हणत आणि सदस्यांना मेंबर. कमेटीचं जे काही गावाला कळायचं ते उकंडाच्या डफड्यातून. नळाची वेळ बदलली, देवी टोचणारे आले, घरपट्टीची तारीख आली, की उकंडा चौकात उभा राहून डफडं बडवायचा, लोक दारात यायचे, आणि तो खणखणीत आवाजात सांगायचा. वाचता येत नव्हतं त्याला. हेडक्लार्क देवराव त्याला मजकूर एकदा वाचून दाखवत. दुसऱ्यांदा कधी वाचावा लागला नाही.

रुजू होऊन महिना झाला नसेल. एक दिवस उकंडा पांढरा स्वच्छ सदरा घालून आला आणि देवरावांच्या टेबलावर त्यानं डफडं ठेवलं.

"जमा करून घ्या अन् पावती द्या."

"हे काय आता?" देवराव खुर्चीसकट मागे सरकले.

"नागपूरले गेलतो. दीक्षा घेतली. आता हे वाजवत नाई."

"मग नोकरी सोडली म्हण ना."

"नोकरी काहून सोडू? सांगाचं काम हाये माहं, ते करतो. आवाज मले हाये ना. डफडं कायले पाह्यजे?"

"डफड्याबिगर लोक बाहेर येतीन का?"

"नाई आले तं मी जाईन त्याइच्या दारात."

पेच वेगळाच झाला. डफडं कमेटीच्या मालकीचं होतं, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'नग एक' म्हणून नोंदलेलं. जमा करायचं तर कुणीतरी उचलून कोठीत नेलं पाहिजे. देवराव हात लावायला तयार नाहीत, शिपाई नाही म्हणाला. चार दिवस ते त्या टेबलावर पडून होतं आणि देवराव खिडकीपाशी दुसऱ्या टेबलावर काम करत होते. पाचव्या दिवशी मी ते उचललं, कोठीत पाइपांच्या जोडांशेजारी फळीवर ठेवलं आणि पावती फाडली. उकंडानं ती घडी करून खिशात घातली.

डफड्याविना काम करू द्या, हा त्याचा अर्ज मात्र सरळ निकाली निघाला नाही. अध्यक्षांकडून समितीकडे, समितीकडून परत देवरावांकडे, त्यांच्या शेऱ्यासह पुन्हा समितीकडे. शेवटी सभेनं ठरवलं की तीन महिने प्रयोग म्हणून उकंडानं डफड्याविना दवंडी द्यावी. गावाला सूचना पोचल्या तर ठीक. नाही पोचल्या तर जागा दुसऱ्याला, जो वाजवेल त्याला. उकंडाच्या घरात त्याची बायको मथुराबाई, म्हातारी आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन पोरी होत्या. मथुराबाई मला एकदा वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "ओव्हरसेर साहेब, आमच्या घरात कोनी त्याले मागं फिर म्हननार नाई. पन तीन महिन्यानं काय होईन, ते सांगा."



उकंडा दारोदार फिरू लागला. मी बंजारा तांड्यावर वाढलेला. आमच्याकडे नायकाचा निरोप असाच तोंडी, घरोघर जातो, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. गावाला वाटलं. काही घरांत तो पायरीखाली उभा राही आणि आतून "कोण आहे रे?" असा नुसता आवाज येई. तो निरोप सांगायचा, आणि शेवटी स्वतःच्या मनानं एक वाक्य जोडायचा, "कमेटीले काही सांगाचं हाये का?"

चौकातल्या डफड्याला कुणी उत्तर देत नसतं. दारात उभ्या माणसाला देतात. पहिल्याच आठवड्यात तो माझ्यासमोर येऊन बसला.

"लिहा."

"काय लिहू?"

"लोकायनं सांगतलं ते."

देवरावांनी ते लिहायला साफ नकार दिला होता. "तुले सांगाले धाडलं, इचाराले नाई," असं म्हणाले होते. पण निम्म्या गोष्टी नळाच्या होत्या, म्हणजे माझ्या खात्याच्या. मी एक वही केली. वार, तारीख, पेठ, घर, आणि पुढे म्हणणं. उकंडा डोळे मिटून बोलत जायचा, ज्यानं जसं सांगितलं तसं, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच सुरात. तेलीपुऱ्यातल्या नळाचा ओटा फुटला, घागर ठेवली की कलंडते. शाळेच्या वळणावर कंदील नाही. सराफाच्या गल्लीत तोटी गळते आणि चिखलात म्हशी बसतात. एका म्हातारीनं सांगितलं होतं की नळ सकाळी सहाऐवजी सातला सोडा, सहाला गुडघे उठू देत नाहीत. तीही सूचना त्यानं मला लिहायला लावली.

"याला सूचना म्हणायचं का?" मी हसलो.

"म्हातारीले इचारलं मी. मंग लिहाच लागन."

मी विचारलं, "तुमच्या वस्तीत तर एकही नळ नाही. ते का सांगत नाही?"

"सांगन ना. महिन्याच्या आखरीले. पयलेच सांगतलं तं लोक म्हनतीन, यानं आपलंच दळून घेतलं."

आणि खरंच, महिन्याच्या शेवटच्या तारखेला त्यानं ते लिहून घेतलं. तो काळ आठवला की ती दुपारची वेळ आठवते. कचेरीच्या व्हरांड्यात माठाशेजारी तो उकिडवा बसलेला, मी वही घेऊन पायरीवर, आणि सगळं गाव एकेका आवाजानं माझ्यासमोरून चाललेलं. त्या गावच्या पाइपांचा नकाशा मी काढला होता, पण गाव मला त्या वहीनं दाखवलं. गळकी तोटी मी लगेच बदलली. ओटाही झाला. बाकीचं सभेसाठी राहिलं.

मग वैशाखात घोटाळा झाला.

टाकी धुवायची होती. गुरुवारी दिवसभर पाणी बंद, असं मी ठरवलं, देवरावांनी सूचना लिहिली, उकंडा सोमवार-मंगळवार गावभर फिरला. गुरुवारीच मेंबर पुंडलिकरावांच्या मुलीचं लग्न होतं. मी गावात नवा, मला ते ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी मला सांगितलं नाही. अंगणात चारशे पानं बसायची आणि नळ कोरडा! बैलगाडीवर टिपाडं घालून विहिरीवरून पाणी आणलं. तोवर पंगत दोन तास खोळंबली, वरपक्षाचे लोक रुसले, आणि भर मांडवात पुंडलिकराव ओरडले, "डफडं वाजलं असतं तं आयकू आलं असतं! माह्या घरी तं तो आलाच नाई!"

सभा पुढच्याच सोमवारी होती, आणि तीन महिनेही तेव्हाच संपत होते.

सभेत मी भिंतीकडेच्या बाकावर बसायचो, पाण्याचं काही विचारलं तर उत्तर द्यायला. त्या दिवशी अध्यक्षांखेरीज बारा मेंबर हजर होते. उकंडा बाहेर निंबाखाली, शेजारी मथुराबाई. देवरावांनी ठराव तयारच ठेवला होता: प्रयोग फसला, सबब जागा वाजवणाऱ्या इसमास द्यावी. पुंडलिकरावांनी लग्नाची कहाणी पुन्हा सांगितली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"ओव्हरसियर, सूचना घरोघर पोचली याला पुरावा आहे काही?"

पुरावा माझ्या मांडीवर होता. मी पानं उलटली, मंगळवारची नोंद सापडली. उकंडानं जसं सांगितलं तसंच मी लिहिलं होतं, एक शब्दही न गाळता. ते मेंबरांसमोर वाचायचं? माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पण खिडकीतून निंबाखालची ती दोघं दिसत होती.

"वाचा की," अध्यक्ष म्हणाले.

"मंगळवार. बाजारपेठ, पुंडलिकरावांचं घर," मी वाचू लागलो. "गुरुवारी पाणी बंद म्हणून सांगितलं. विमलताई म्हणाल्या, या गडबडीत कोण ऐकते, पण सांगते मी. कमेटीले काही सांगाचं हाये का, विचारलं. त्यावर विमलताईंचं म्हणणं..."

"थांबला काहून?" एक मेंबर म्हणाले.

"...मोरीमागची नाली उघडी आहे. तीनदा घरच्याच माणसाचा पाय गेला. घरच्या मेंबरले तीन वर्षं सांगून थकली. आता कमेटीलेच सांगा."

विमलताई म्हणजे पुंडलिकरावांच्या पत्नी. आणि पुंडलिकराव सफाई समितीचे प्रमुख.  कोपऱ्यातून कुणीतरी फसकन हसलं आणि सगळी सभा हसू लागली. अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला.

"पुंडलिकराव, आता घरी जाऊन काय सांगाल?"

"तुमाले काय, हसाले झालं," पुंडलिकराव म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. "मले घरात बोलत नाई बाई, अन् याले बोलते!"

"तुमी घरी बसता कवा आयकाले?" शेजारचे मेंबर म्हणाले. "तो दारात उभा तरी राह्यला."

हसणं ओसरल्यावर अध्यक्षांनी वही मागून घेतली. मागची-पुढची पानं चाळली. सहा वाजता गुडघे उठू न देणारी म्हातारी त्यांनी मोठ्यानं वाचली. "ही माझी मावशी," ते म्हणाले आणि वही मिटली. मग त्यांनी देवरावांचा ठराव बाजूला ठेवून उलटा प्रश्न मताला टाकला: उकंडानं जसं चालवलं आहे तसंच पुढे चालावं का?

पुंडलिकराव उठले. पान थुंकायचं आहे म्हणाले आणि बाहेर गेले. पान त्यांच्या तोंडात नव्हतं, हे मी पाहिलं होतं. हात मोजले, सहा बाजूनं, पाच विरोधात. ते बसून विरोधात हात वर करते तर सहा-सहा झाले असते, आणि अध्यक्ष एवढं हसले असले तरी त्यांचं निर्णायक मत कुणीकडे गेलं असतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या वळणावर कंदील लागला, बाजारपेठेतल्या नालीवर फरशी पडली. उकंडाच्या वस्तीला आता बौद्धपुरा म्हणू लागले होते, तिथल्या नळाला दीड वर्ष लागलं आणि तो मी बसवला. मग माझी बदली मारेगावकडे झाली. भोंगा त्यानंतरचा.

पण त्या सोमवारचं राहिलं. सभा उठल्यावर मी निंबाखाली गेलो. मथुराबाई उठून उभी राहिली, उकंडा बसूनच.

"पास झाला," मी म्हणालो. "तुमचंच काम, तुमच्याच पद्धतीनं."

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहिलं. उकंडानं विचारलं, "किती जनायनं हात वर केला?"

"सहा."

"अन् नाई म्हननारे?"

"पाच."

"कोन कोन?"

मी नावं सांगितली. तो ती ओठांतल्या ओठांत म्हणून घेत होता, एखादी सूचना पाठ करावी तसा.

"उद्या पयले त्या पाच घरी जातो," तो उठत म्हणाला. "त्याइले कमेटीले काही सांगाचं असन."